देवाच्या डोहाची हद्द थोडी वाढवा : नदीकाठच्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या नदीकाठच्या ग्रामसभा, जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि मच्छीमार सहकारी संस्था

विषय : खडशी माशासाठी नदीचा पट्टा राखण्याबाबत आणि त्यातील काही भागात 'धरा आणि सोडा' या अटीवर गळाच्या मासेमारीस मुभा देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या नद्यांवर फ्लाय फिशिंगसाठी येणारा एक गळकरी आहे. पावसाळा सरून पाणी निवळले की काठी घेऊन घाटावरच्या किंवा घाटाखालच्या एखाद्या नदीवर यायचे, दिवसभर गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, लागलेला मासा ओल्या हातांनी सोडवून पुन्हा पाण्यात सोडायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी परतायचे, असा माझा क्रम आहे. ज्या गावाच्या हद्दीत खडशी, म्हणजेच महसीर, अजून टिकून आहे, त्या गावाने ग्रामसभेत ठराव करून नदीचा एक पट्टा तिच्यासाठी राखावा, एवढीच माझी मागणी आहे. ती नुसत्या कागदोपत्री मुद्द्यांनी पटणारी नाही, म्हणून आधी नदीवरच्या काही दिवसांबद्दल लिहितो.

आपल्याकडे गरवणे कोणाला नवे नाही. गांडूळ किंवा पिठाची गोळी गरीला लावून, शिशाचा मणी बांधून गळ डोहात सोडायचा ही रीत प्रत्येक नदीकाठी आहे. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष नसते. पिसे, केस, लोकर आणि रेशमी धागा यांनी गळावर एखादा किडा, नाकतोडा, लहान मासोळी किंवा फळ बांधून काढतात. त्यालाच फ्लाय म्हणतात. फ्लायला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती लांब फेकली जावी म्हणून दोरी जड ठेवलेली असते, आणि काठीच्या पुढे-मागे झुलण्याने ती हवेत उलगडत जाऊन हव्या त्या जागी उतरते. या पद्धतीत मासा फसतो तो बहुधा ओठात. तो फ्लाय गिळत नाही, त्यामुळे गळ पोटात जात नाही, आणि गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असेल तर तो एका बोटाच्या झटक्याने निघून येतो. सोडलेला मासा जगण्याची शक्यता आमिषाच्या गळापेक्षा इथे बरीच जास्त असते, आणि माझ्या मागणीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

ज्या नद्यांवरचे अनुभव मी सांगणार आहे त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. खडशीचा डोह कुठे आहे हे एकदा छापून आले की तिथे कोण काय घेऊन पोहोचेल याचा भरवसा नसतो.

फाल्गुनाच्या सुरुवातीची एक सकाळ मला अजून तपशिलासकट आठवते. नदी एका कातळाला वळसा घालून डोहात उतरत होती आणि डोहाच्या काठावर एक जुने उंबर पाण्यावर झुकलेले होते. पिकलेले उंबर पाण्यात पडले की क्षणभराने खालून एक जाड सावली वर यायची, फळ नाहीसे व्हायचे आणि पाण्यावर फक्त वर्तुळे उरायची. खडशी खेकडे, शंख, किडे आणि मासोळ्या खाते तशीच काठावरच्या झाडांची फळेही खाते. तिच्या जबड्यात दात नसतात. जे आहेत ते घशात आहेत आणि शंखाचे कवच फोडण्याइतके ते भक्कम आहेत. मी तांबूस लोकरीचा उंबराएवढा गोळा गळावर बांधला, कातळाच्या आडोशाला गुडघ्यांवर बसलो आणि बराच वेळ काठी न उचलता नुसता पाहत राहिलो, कारण एवढ्या नितळ पाण्यात माणसाची सावली पडली तरी सगळा डोह दुपारपर्यंत रिकामा होतो. अखेर फळ पडण्याच्या जागी तो गोळा उतरला आणि बुडायच्या आतच दोरी ताठ झाली. पुढची काही मिनिटे मासा खाली जात होता आणि मी काठावरून त्याच्या मागे जात होतो. रिळावरची दोरी सरसर संपत चालली होती आणि तिला थांबवणे माझ्या हातात नव्हते.

शेवटी ती उथळ पाण्यात आली तेव्हा मी तिला पाण्याबाहेर न काढता दोन्ही तळव्यांवर तोलून धरले. पाठ हिरवट काळी, कुशीवर पितळी झाक, पर निळसर राखाडी, खवले रुपयाच्या नाण्याहून मोठे, ओठ जाड आणि मांसल, आणि त्यांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या. तोंड प्रवाहाकडे करून धरले असता कल्ल्यांची उघडझाप हळूहळू एका लयीत आली, मग शेपटीत जोर आला आणि ती माझ्या हातांतून स्वतःहून निघून गेली. हा सोडण्याचा क्षण माझ्या दृष्टीने त्या दिवसाचा सर्वांत मोठा क्षण होता, मासा लागण्याच्या क्षणापेक्षाही मोठा, आणि नदीवर वर्षानुवर्षे येणारे माझे अनेक सोबती हेच सांगतात.

दुसरा दिवस घाटाखालच्या एका लहान नदीवरचा आहे. तिथे हलकी काठी आणि अगदी बारीक फ्लाय घेऊन मी खळाळात बोटभर मासोळ्यांवर फ्लाय टाकत होतो. एक वयस्क कातकरी गृहस्थ काठावर येऊन बसले. पकडलेली मासोळी मी परत सोडतो हे पाहून त्यांनी आधी कारण विचारले. मी सांगितले ते त्यांना पटले की नाही हे कळले नाही, पण थोड्या वेळाने ते स्वतः पाण्यात उतरले आणि त्यांनी मला एक एक दगड उलटून दाखवायला सुरुवात केली. दगडाच्या खालच्या अंगाला चिकटलेले चपट्या अंगाचे किडे, वाळूच्या कणांचे नळकांडे करून त्यात राहणाऱ्या अळ्या, बारीक झिंगे, नखाएवढे खेकडे. कोणत्या महिन्यात यांतले काय जास्त असते आणि त्या वेळी मासा खळाळात असतो की डोहात, हे त्यांना तोंडपाठ होते. फ्लाय फिशिंगमध्ये नदीतल्या किड्यांचा अभ्यास हा अर्धा खेळ समजला जातो. तो मी बराचसा वाचून मिळवला होता. त्या गृहस्थांनी तो पाण्यात उभे राहून मिळवला होता, आणि त्यांचा अधिक पक्का होता. खडशीच्या संवर्धनाची कोणतीही योजना अशा माणसांना बाजूला ठेवून आखली गेली तर ती टिकणार नाही, हे माझे मत त्या दिवसापासूनचे आहे.

तिसऱ्या दिवसाबद्दल लिहिणे कठीण आहे. चैत्र अर्धा संपला होता, नदीची धार तुटून डोह वेगवेगळे झाले होते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि दमलेला मासा सोडला तरी वाचत नाही, म्हणून त्या काळात मी काठी बाहेर काढत नाही. फक्त नदी पाहायला गेलो होतो. डोहाजवळ पोहोचण्याआधीच ब्लीचिंग पावडरीचा वास आला. पाणी दुधाळ दिसत होते. खेकडे पाणी सोडून कातळावर चढून बसले होते, झिंग्यांचा खच काठाला लागला होता, आणि बोटाएवढी खडशीची पिल्ले पोट वर करून तरंगत होती. मोठे मासे ज्यांना हवे होते ते त्यांनी रात्रीच नेले असणार. उरले होते ते कोणाच्याही उपयोगाचे नव्हते. पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी मी दगड उलटून पाहिले तर बहुतेकांच्या खाली काहीच नव्हते. पूर्वी काही भागांत रामेठा या झुडपाची विषारी साल कुटून पाण्यात टाकत, पण ती साल जंगलातून आणावी आणि कुटावी लागे, तिला मर्यादा होती. ब्लीचिंग पावडर दुकानात मिळते आणि एका पिशवीत डोह संपतो. जिलेटिनच्या कांड्यांचेही तेच : धमाक्याने माशांच्या पोटातले हवेचे फुगे फुटतात, त्यांतले बरेचसे तळाशी बसतात, हाती थोडे लागतात आणि पिल्ले सगळी मरतात.

स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे हा 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमाच्या कलम 4 आणि 5 नुसार गुन्हा आहे. कायदा सव्वाशे वर्षे जुना आहे. पण तो गुन्हा घडतो रात्री, रस्त्यापासून दूर, आणि घडताना पाहणारे कोणी असलेच तर ते आपल्याच गावचे असतात. म्हणून हे पत्र मी कोणत्याही शासकीय कार्यालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

खडशी ही आपल्याच नद्यांची आहे. 1839 साली कर्नल साइक्स यांनी या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्या नदीचे पुण्याखालचे पाणी आज काय झाले आहे हे सांगायला नको. पुढे धरणे झाली आणि विणीसाठी वरच्या ओढ्यांकडे चढणाऱ्या माशांची वाट अडली. खडशी पावसाळ्यात, पाण्याला ओढ असताना, गोट्या-वाळूच्या स्वच्छ तळावर अंडी घालते. तिला वाहते पाणी लागते, तळ गाळाने भरलेला चालत नाही, आणि जिथून वाळू-गोटे उपसले गेले तिथे तिचे पिढीजात ठिकाण कायमचे संपते.

लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून खडशीची पैदास केली आणि तिचे बीज देशभर गेले, हे काम मोठेच आहे. तरीही नुसते बीज सोडल्याने नदी सावरते हा समज मी मान्य करू शकत नाही. हेच बीज कावेरीतही सोडले गेले, आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर 2018 साली आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदवला गेला. त्याच्या घसरणीच्या कारणांत अभ्यासकांनी बाहेरून आणलेल्या खडशीचेही नाव घेतले आहे. खुद्द खडशी त्या यादीत आता 'कमी चिंतेची' आहे, पण जी प्रजाती माणसांनी ठिकठिकाणी नेऊन सोडली तिची एकूण नोंद वाचून तिच्या मूळ घरची स्थिती कळत नाही. आपल्या नदीत जी आहे ती जगवणे हे हजारो बोटुकल्या आणून ओतण्यापेक्षा स्वस्त आहे आणि अधिक खात्रीचे आहे. आफ्रिकन (थाई) मांगूर किंवा चिलापी हे परके मासे तर कोणत्याही नावाखाली नदीत येऊ देऊ नये.

आता मूळ मागणीकडे येतो. खडशी राखण्याची रीत आपल्याला बाहेरून शिकायची नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने, वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे महादेवाच्या नावाने, हे मासे गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. वाळणकोंडीच्या कातळावर बसून पाण्यात चुरमुरे टाकले की एकामागून एक मोठ्या खडशी वर येतात आणि त्यांना माणसाची भीती नसते; नदीवर माझ्यापासून पळणाऱ्या त्याच माशाचे हे रूप पाहून मी कितीतरी वेळ तिथून उठलो नव्हतो. त्या डोहांत गळ पडू नये हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तशी इच्छा धरणारा गळकरी आपल्या दारी आला तर त्याला परत पाठवावे.

परंतु देवाचा डोह ही नदीतली एक जागा आहे. तिथला मासा पावसाळ्यात वर चढतो, त्याची पिल्ले पुराबरोबर खाली येतात, आणि डोहाची हद्द ओलांडली की त्याला कोणाचेच संरक्षण राहत नाही. शिवाय वरून आलेले घाण पाणी देवाच्या नावाने थांबत नाही. देहूला इंद्रायणीत देवाचे म्हणून राखलेले मासे मेल्याच्या बातम्या आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. म्हणून डोहाच्या वरचा विणीचा पट्टा आणि खालचा वाढीचा पट्टा या दोन्हींना गावाने आपले म्हणावे अशी माझी विनंती आहे.

हे कायद्याच्या चौकटीत बसते. 2002 च्या जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. आपल्या गावच्या नोंदवहीत खडशीचे पान आहे का, ती कोणत्या डोहात दिसते, केव्हा वर चढते, पूर्वी कुठे होती आणि आता कुठे नाही, हे लिहिलेले आहे का, ते कृपया एकदा उघडून पाहावे. नोंदवही नुसती ठेकेदाराकडून भरून घेतली असेल तर ती नव्याने भरावी, आणि त्यासाठी वर सांगितलेल्या कातकरी गृहस्थांसारख्या माणसांना बोलवावे. याच कायद्यात जैवविविधता वारसा स्थळाची तरतूद आहे, आणि माशासाठी ती वापरल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे : आंबोलीला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडलेल्या, 2020 मध्ये नव्याने वर्णन झालेल्या एका लहानशा माशासाठी 2021 साली राज्य शासनाने तिथले 2.11 हेक्टर क्षेत्र वारसा स्थळ जाहीर केले. दोन-अडीच हेक्टर जागा ही कोणत्याही गावाला जड नाही.

ठरावात काय असावे याबद्दल माझी कल्पना अशी आहे. डोहाच्या वरच्या बाजूला, जिथे गोट्यांचा तळ आहे आणि मासा वितो, तिथे जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत कोणीही, म्हणजे आम्हीही, मासेमारी करू नये. वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या, माशांचा आनंद मला ठाऊक आहे आणि तो गावाकडून हिरावून घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण राखलेल्या पट्ट्यात तरी पहिल्या पावसाला चढणारा मासा पाग (फेकजाळे) टाकून किंवा बांध घालून अडवू नये. डोह पूर्वीसारखाच देवाचा. डोहाच्या खाली ठरावीक अंतरापर्यंत, ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, फक्त काठी-गळाला मुभा असावी, तीही उलटा काटा नसलेल्या एकाच गळाने, आमिषाशिवाय, आणि प्रत्येक खडशी जागच्या जागी सोडण्याच्या अटीवर. पाणी कमी होऊन धार तुटली की महिना कोणताही असो, मासेमारी बंद. विष, स्फोटके आणि विजेची तार यांना तिथेच काय, नदीत कुठेही थारा नसावा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतल्या नदीचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे वन्यजीव कायदा सांगेल तेच होईल.

या पट्ट्यात येणाऱ्या गळकऱ्याने गावाला शुल्क द्यावे आणि गावातला वाटाड्या सोबत घेणे त्याच्यावर बंधनकारक असावे. कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोरे आणि दोड्डमाकळी येथे महसीरसाठी अनेक वर्षे अशी शिबिरे चालली. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या काही स्थानिक माणसांनाच तिथे वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळाले, आणि रोज नदीवर कोणी ना कोणी असल्यामुळे स्फोटकांना आळा बसला. अभयारण्यातली ती मासेमारी पुढे बंद झाली, पण वाटाड्याची कल्पना मला आजही सर्वांत महत्त्वाची वाटते. जाळ्यात मेलेली खडशी एकदाच विकली जाते. सोडलेल्या खडशीसाठी माणसे दरवर्षी परत येतात, आणि त्यांच्यासोबत जो माणूस नदीवर असतो तो डोहाची राखणही करत असतो.

भोई आणि कातकरी कुटुंबांच्या पोटावर यामुळे पाय येता कामा नये. ज्या संस्थेकडे मासेमारीचा ठेका असेल तिच्या लेखी संमतीशिवाय ठराव करू नये, राखलेला पट्टा नदीच्या एकूण लांबीच्या मानाने लहान ठेवावा, आणि शुल्कातला पहिला वाटा ज्यांनी तिथले जाळे मागे घेतले त्यांना मिळावा. हौशी माणसाच्या सुखासाठी कष्टकऱ्याने नदी सोडावी अशी योजना मला स्वतःला नको आहे, आणि अशी योजना कोणी आपल्यापुढे माझ्या नावाने मांडली तर ती नाकारावी.

माझ्याकडून आणि माझ्या सोबत्यांकडून मी एवढे कबूल करतो : मुभा मिळेल तिथे प्रत्येक फेरीनंतर पाण्याची खोली, पाण्याचे तापमान, दगडाखाली दिसलेले किडे, पाहिलेल्या आणि सोडलेल्या माशांची लांबी ही माहिती मराठीत लिहून समितीकडे देऊ, म्हणजे नोंदवहीत दरवर्षी भर पडेल आणि नदी सुधारते की बिघडते हे गावाला स्वतःच्या कागदावरून सांगता येईल. डोहाचे नाव किंवा छायाचित्रातून जागा ओळखू येईल असे काहीही आम्ही बाहेर प्रसिद्ध करणार नाही. कुठे पावडरीचा वास आला किंवा जिलेटिनचा आवाज ऐकू आला तर त्याच वेळी सरपंच आणि पोलीस पाटील यांना कळवू आणि साक्षीला उभे राहू. वाटाड्याचे काम करू इच्छिणाऱ्या तरुणांना काठी चालवणे, फ्लाय बांधणे आणि मासा इजा न करता सोडणे हे आम्ही विनामूल्य शिकवू.

ग्रामसभेच्या ठरलेल्या दिवसांपैकी 1 मेची सभा या कामासाठी सर्वांत सोयीची आहे. त्या सभेत विषय मंजूर झाला तर पहिल्या पावसाच्या आधी पट्ट्याच्या दोन्ही टोकांना फलक लावता येतील आणि यंदाच्या विणीलाच वाट मोकळी राहील. विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा अशी विनंती करतो. मुद्दे समजावून सांगण्यासाठी किंवा विरोधातल्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी सभेला बोलावणे आले तर मी येईन.

आपला नम्र,
नदीवर येणारा एक गळकरी